काजळी, धूर, धूळ: वाहतुकीच्या मोजणीत कुठे काय लिहावं?

गिरणाकाठ: मुंबईसारख्या शहरात वाहतुकीतला ‘ब्लॅक कार्बन’ कसा मोजतात, यावर शाळांसाठी टिपण करतोय. ‘काळा कार्बन’ लिहिलं तर आपल्या जळगाव-धुळ्याची पोरं कोळसाच समजतील. धूर म्हणू का?

नाना_भुसावळ: धूर नको, काजळी. कंदिलाच्या काचेवर धरते तीच ही, इंधन अर्धवट जळल्यावर सुटलेला बारीक कार्बन. ‘धरणे’ हे क्रियापदही आयतं मिळतं. एथॅलोमीटर हे मोजायचं यंत्र हवा ओढून फिल्टरच्या पट्टीवर काजळी धरतो आणि त्या डागातून ८८० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश किती कमी झाला ते बघतो. उत्तर मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर. डाग गडद होत गेला की यंत्र कमी आकडा दाखवू लागतं, म्हणून ठरावीक गडदपणाला पट्टी पुढे सरकते. या दोषाला ‘डाग भरणे’ म्हणा, सगळ्यांना कळेल.

धूर हा शब्द पीयूसीला राहू द्या. तिथे डिझेल गाडी न्यूट्रलला ठेवून ॲक्सिलरेटर झटकन दाबतात आणि नळीतल्या धुराने प्रकाश किती अडला ते मोजतात. बीएस-४ ला मर्यादा १.६२ प्रति मीटर, बीएस-६ ला ०.७. हे प्रकाश अडण्याचं माप, काजळीचं वजन नव्हे. इंजिन गार असेल तर न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूरही त्या आकड्यात शिरतो, आणि त्यात काजळी नावालाच.

सातपुडा: आमच्याकडे ‘काजयी’, पण चालेल 🙂 ‘धूळ’ मात्र कटाक्षाने टाळा भाऊ. पीएम १० च्या, म्हणजे १० मायक्रोमीटरपर्यंतच्या सगळ्या कणांच्या आकड्यात काळ्या मातीची धूळही असते. कपड्यावर दोन्ही काळीच दिसतात, पण ८८० ला माती फार थोडा प्रकाश शोषते.

गिरणाकाठ: मग पऱ्हाटी (कापसाच्या काड्या) जाळल्याचा धूर? तोही काजळीच ना?

नाना_भुसावळ: काजळी असतेच, पण सोबत तपकिरी सेंद्रिय द्रव्यंही. ती ३७० नॅनोमीटरला जास्त प्रकाश शोषतात. दोन्ही तरंगलांबींच्या आकड्यांतून, तरंगलांबीप्रमाणे शोषण किती बदलतं ते सांगणारा घातांक काढतात: डिझेलचा १ च्या आसपास, लाकूडफाट्याचा २ कडे झुकणारा. वाहतुकीचा वाटा असाच वेगळा करतात. अर्थात हा अंदाज असतो, हिशेब नव्हे.

तापी_तीर: एक राहिलं. रस्त्याकडेच्या यंत्रात दिसते ती ‘पातळी’, ‘उत्सर्जन’ नव्हे. वारा पडला की गाड्या तेवढ्याच असून पातळी चढते. उत्सर्जनासाठी शेजारी कार्बन डायऑक्साइडही मोजा आणि वारा ज्या बाजूने येतो तिकडचे आकडे दोन्हींतून वजा करा. १ किलो डिझेलमागे साधारण ३.२ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणून किलोभर कार्बन डायऑक्साइडमागे जितके ग्रॅम काजळी, त्याला ३.२ ने गुणलं की किलोभर डिझेलमागची काजळी. आणि हवा ओढायला साधी प्लॅस्टिकची नळी नको. स्थिर विजेमुळे काजळी आतच चिकटते. विद्युतवाहक सिलिकॉनची घ्या, लांबी होईल तितकी कमी.