सल्ला हवा आहे: पर्यावरण-न्याय क्लिनिकमध्ये टीचिंग फेलो म्हणून जावं का?

इरईकाठ

नमस्कार. निर्णय लवकर कळवायचा आहे, म्हणून इथल्या जाणकारांना विचारते.

मी मूळची चंद्रपूरची. औष्णिक केंद्राची राख दोरीवरच्या कपड्यांवर बसताना बघतच मोठी झाले, त्यामुळे कायद्यात आल्यावर हाच विषय घ्यायचा हे ठरलेलं होतं. पुण्यात हरित न्यायाधिकरणाच्या खंडपीठात एका वरिष्ठ वकिलांकडे ज्युनियर होते, मग अमेरिकेत एलएलएम, न्यू यॉर्कची बार परीक्षा. सध्या ओपीटीवर (पदवीनंतर विद्यार्थी-व्हिसावरच मिळणारी तात्पुरती कामाची परवानगी) एका लहान संस्थेत वकील आहे.

आता दक्षिणेकडच्या एका राज्यातल्या लॉ स्कूलने एन्व्हायर्नमेंटल जस्टिस क्लिनिकमध्ये टीचिंग फेलोची दोन वर्षांची जागा देऊ केली आहे. ज्यांना कल्पना नाही त्यांच्यासाठी: क्लिनिक म्हणजे कॉलेजातच चालणारं वकिलांचं कार्यालय. विद्यार्थी खऱ्या अशिलांची कामं करतात, अशील फी देत नाहीत, आणि जबाबदारी व सही देखरेख करणाऱ्या वकिलाची. ती देखरेख आणि सोबतचा सेमिनार शिकवणं, हे फेलोचं काम.

मन ओढ घेतंय, पण शंका आहेत. मी कधी शिकवलेलं नाही. पगार आत्तापेक्षा कमी आहे. अमेरिकेत सध्या या विषयावर जे चाललंय ते बघता दोन वर्षांत काही करता येईल का? आणि पुढे भारतात परतले तर याचा उपयोग काय? कोणी असं काम केलं असेल तर मोकळेपणाने सांगा.

बाकावरचा

अभिनंदन! मी अशाच एका क्लिनिकमध्ये फेलो होतो, आता दुसऱ्या विद्यापीठात शिकवतो. माझं मत आधीच सांगतो: जा. पण काय पत्करताय ते नीट कळून जा.

बहुतेक वकील असं धरून येतात की आपण केसेस लढणार आणि जोडीला थोडं शिकवणार. प्रत्यक्षात केस विद्यार्थ्याची असते आणि तुम्ही तुमचा हात आवरायचा असतो. चांगल्या वकिलाला हे फार जड जातं.

एखाद्या रिफायनरीच्या हवा-परवान्याचं नूतनीकरण आलंय असं धरा. क्लीन एअर अ‍ॅक्ट या अमेरिकेच्या हवा-प्रदूषण कायद्याच्या टायटल फाइव्ह या भागाखाली मसुदा परवान्यावर हरकती द्यायला किमान ३० दिवस मिळतात. नंतर ४५ दिवस ईपीए, म्हणजे केंद्र सरकारची पर्यावरण संस्था, तो तपासते. तिने आक्षेप घेतला नाही तर पुढच्या ६० दिवसांत कोणीही नागरिक ईपीएकडे अर्ज करू शकतो. मात्र त्या अर्जात साधारणपणे तेच मुद्दे चालतात जे हरकतींच्या मुदतीत नेमकेपणाने मांडले होते. म्हणजे त्या ३० दिवसांत जे लिहिलं गेलं नाही त्याची वाट बहुधा कायमची बंद. एका सेमिस्टरमध्ये बसणारं आणि तरीही खरा परिणाम करणारं काम हवं असेल तर हे उत्तम, म्हणून क्लिनिकं ही कामं आवडीने घेतात.

आता विद्यार्थी पहिला मसुदा आणतो. कलमं आणि निवाडे ठासून भरलेले. वस्तीतल्या बायकांनी बैठकीत विचारलेलं असतं की रात्री दोन वाजता चिमणीची ज्वाला एवढी उंच का होते आणि तेव्हाच डोळे का चुरचुरतात. त्याचा मसुद्यात मागमूस नाही. तुमचे हात शिवशिवतात. तुम्ही बसलात तर एका रात्रीत सगळं लिहून टाकाल, आणि कागद उत्तम होईल. विद्यार्थी मात्र होता तिथेच राहील, आणि पुढच्या वेळीही तुमच्याच रात्रीची वाट बघेल.

त्याऐवजी विचारायचं, "त्या ज्वालेचं मोजमाप परवान्यात कुठे आहे?" तो शोधायला जातो. दोन दिवसांनी परत येतो तेव्हा त्याला सापडलेलं असतं की मर्यादा लिहिली आहे, पण ती पाळली जाते का हे तपासणारी मोजणीची अटच नाही. टायटल फाइव्हमध्ये हा भक्कम मुद्दा आहे: परवान्यात पालनाची खात्री देणारी देखरेख असावीच लागते. आता तो मुद्दा त्याच्या मालकीचा झाला. बायकांच्या प्रश्नातून तो निघाला हेही त्याला आयुष्यभर लक्षात राहतं.

अर्थात मुदत कोणासाठी थांबत नाही. म्हणून खऱ्या तारखेच्या आठ-दहा दिवस आधीची आतली तारीख ठरवून घ्या आणि ती कडक पाळा. ती उलटली की पेन तुम्ही हातात घ्यायचं, आणि असं होईल हे विद्यार्थ्याला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवायचं. अशिलाचं नुकसान होत असेल तिथे गप्प राहण्याला मी अध्यापन म्हणणार नाही.

शिकवलेलं नाही याची काळजी सोडा. क्लिनिकमध्ये व्याख्यानं कमीच. दर आठवड्याला केस राउंड्स असतात: एकजण आपल्या कामातला पेच मांडतो, बाकीचे प्रश्न विचारतात. तिथे तुमचा पुण्याचा अनुभव सोन्यासारखा आहे. अशिलाला वाईट बातमी कशी द्यायची, संघटनेत दोन तट पडले तर वकील कोणाचा, हे पुस्तकात सापडत नाही.

होकाराआधी हे विचारा. एकूण किती विद्यार्थी तुमच्या देखरेखीखाली? उन्हाळ्यात विद्यार्थी जातात तेव्हा चालू केसेस कोण ओढतं? (बहुधा फेलो. आणि लेख लिहायला वेळ मिळेल असं ज्या उन्हाळ्याबद्दल सांगतात तो हाच.) त्या राज्यात सही करण्याचा परवाना कसा मिळणार? तुमचे यूबीईचे (अनेक राज्यांची सामाईक बार परीक्षा) गुण अनेक राज्यं मानतात, पण परदेशी पदवीबाबत प्रत्येकाचे नियम वेगळे आहेत. लुइझियाना असेल तर तिथली परीक्षाच स्वतंत्र आहे, कारण तिथे नागरी संहिता चालते. काही राज्यांत क्लिनिकच्या शिक्षकांसाठी मर्यादित परवाना असतो. हे तोंडी आश्वासनावर सोडू नका.

राजकारणाबद्दल वेगळं लिहितो.

चेंबूरकरीण

एकेरीत लिहिते, चालेल ना? वयाने बरीच मोठी आहे मी.

कायद्यातलं मला कळत नाही, पण तुझ्या भाषेत जे 'अशील' असतात त्यांच्यात मी वावरते. मुंबईतल्या माहुलला रिफायनऱ्यांच्या कुशीत प्रकल्पग्रस्तांना आणून वसवलं. तिथल्या हवेचा लोकांच्या आरोग्याला धोका आहे हे हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्येच नोंदवलं होतं. तरी घरं देत राहिले. शेवटी २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की दुसरीकडे घर देता येत नसेल तर या कुटुंबांना दरमहा १५,००० रुपये भाडं द्या. आदेश हातात आल्यावरही लोकांना खेटे घालावेच लागले.

या सगळ्या काळात मी किती कॉलेजांची मुलं येताना पाहिली! चांगली असतात, तळमळीची असतात. फॉर्म भरून घेतात, खोकला किती दिवस, पाणी कसं येतं. मग परीक्षा येते आणि मुलं दिसेनाशी होतात. पुढच्या वर्षी नवीन मुलं तोच फॉर्म घेऊन. एक आजी मला म्हणाल्या, "पोरी, माझा खोकला एवढ्या वह्यांत लिहिलाय, एकीने तरी वाचून दाखवला का परत?"

तर तुझं काम असं बघ. मुलं बदलतील, तू दोन वर्षं तरी तिथे आहेस. जुनी मुलगी जाताना नवीन मुलीला घेऊन त्या घरी गेली पाहिजे, ओळख करून दिली पाहिजे. कागदावर काय लिहिलं ते लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवलं पाहिजे. आणि काय होणार नाही तेही पहिल्या दिवशी सांगायचं. वकील आले म्हणजे कारखाना बंद झाला असं लोकांना वाटतं.

बाकावरचा

ताई, तुमचा प्रतिसाद मी माझ्या विद्यार्थ्यांना इंग्रजीत करून देणार आहे, परवानगी असावी. केस सोपवताना आम्ही ट्रान्स्फर मेमो लिहून घेतो, पण तो फायलीसाठी असतो. घरी जाऊन ओळख करून देणं हा नियम सगळ्या क्लिनिकांत असायला हवा.

आता राजकारण. पर्यावरण-न्यायाला केंद्र सरकारी धोरणात जागा देणारा क्लिंटन यांचा १९९४ चा आदेश, क्रमांक १२८९८, जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला. मार्चमध्ये ईपीएने या विषयाची आपली कार्यालयं बंद करत असल्याचं जाहीर केलं. अलाबामाच्या लाउन्ड्स काउंटीत घरामागच्या सांडपाण्याचा प्रश्न न्याय विभागाने २०२३ मध्ये करार करून हाती घेतला होता, तो करारही एप्रिल २०२५ मध्ये मोडला. नागरी हक्क कायद्याचं टायटल सिक्स तर २००१ च्या सँडोव्हाल निकालापासून अर्धं बांधलेलंच आहे: भेदभाव हेतुपुरस्सर होता हे दाखवल्याशिवाय सामान्य माणसाला त्याखाली न्यायालयात जाता येत नाही.

पण म्हणून काम संपलेलं नाही. परवान्यांचे कायदे शाबूत आहेत. न्यू जर्सीसारख्या राज्याचा पर्यावरण-न्यायाचा २०२० चा स्वतःचा कायदा आहे. आणि एप्रिल २०२५ मध्येच, लुइझियानातल्या सेंट जेम्स पॅरिशने (तिथे काउंटीला पॅरिश म्हणतात) पिढ्यानपिढ्या कारखाने कृष्णवर्णीय वस्त्यांशेजारी लोटले हा दावा पुढे चालू द्या, असं पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने सांगितलं. मिसिसिपीकाठचा हाच तो बॅटन रूज ते न्यू ऑर्लीन्स पट्टा, ज्याला लोक कॅन्सर अ‍ॅली म्हणतात. त्या दाव्यातल्या वकिलांत ट्युलेन विद्यापीठाचं क्लिनिक आहे.

ट्युलेनचा इतिहास होकार देण्याआधी जरूर वाचा. १९९० च्या दशकात याच पॅरिशमधल्या कॉन्व्हेंट गावात शिनटेक कंपनीचा पीव्हीसी कारखाना येणार होता. गावकऱ्यांच्या बाजूने क्लिनिकचे विद्यार्थी उभे राहिले. राज्यपाल माइक फॉस्टर यांनी विद्यापीठावर उघड हल्ला चढवला. १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नियम बदलून विद्यार्थी-वकिलांनी कोणत्या संघटनांचं काम घ्यावं यावर उत्पन्नाच्या अटी घातल्या. त्याच वर्षी कंपनीने कॉन्व्हेंट सोडलं. २०२५ च्या जूनमध्ये ट्युलेनच्या याच क्लिनिकमधल्या एका संशोधिकेने, आपल्या संशोधनाबद्दल बोलण्यावर विद्यापीठाने बंदी घातल्याचा आरोप करत राजीनामा दिला. मेरीलँडच्या क्लिनिकने २०१० मध्ये पर्ड्यू या कोंबडी-कंपनीवर दावा लावला तेव्हा विधिमंडळात विद्यापीठाचा निधी रोखण्याची भाषा झाली.

म्हणून संचालकांना सरळ विचारा: कोणती केस घ्यायची हे अंतिमतः कोण ठरवतं? देणगीदाराचा फोन आला तर डीन काय करतात? आधी आला होता का? उत्तर देताना त्या अडखळल्या तर तेही उत्तरच समजा.

शेवटचं_सेमिस्टर

मी सध्या अशा क्लिनिकमध्ये विद्यार्थी आहे. मराठी घरातच शिकलो, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या.

बाकावरचा यांच्याशी थोडा असहमत आहे. प्रश्नाला प्रश्नाने उत्तर देणारी सुपरव्हायझर पहिल्या महिन्यात छळ वाटते. आम्हाला काही गोष्टी माहीतच नसतात. एमिशन इन्व्हेंटरी (कारखान्यातून काय, किती बाहेर पडतं याची यादी) कशी वाचायची हे "तुला काय वाटतं?" विचारून कळत नाही. आमच्या फेलोने पहिले तीन आठवडे शेजारी बसून स्वतः एक परवाना वाचून दाखवला, मोठ्याने, कुठे अडते तेही सांगत. नंतर तिने सोडून दिलं. ते फार कामी आलं. आधी करून दाखवा, मग हात आवरा.

बाकावरचा

मान्य. क्रम हाच बरोबर.

सनदशीर

कोल्हापूरकडच्या एका विधी महाविद्यालयात शिकवतो. 'परत आल्यावर उपयोग काय' याबद्दल लिहितो.

अमेरिकेतलं प्रारूप उचलून इथे ठेवता येणार नाही, आणि कारण बार कौन्सिलच्या नियमांत आहे. पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला वकिली करता येत नाही. उलट बाजूने, १९७९ च्या नियमांप्रमाणे वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. त्यामुळे आमची विधी सेवा केंद्रं शिबिरं, पथनाट्यं आणि अर्ज लिहून देणं यापलीकडे क्वचित जातात. वकीलपत्र दाखल करणारा माणूस कॉलेजात नसतोच. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण आमच्या मुलांत ताकद आहे.

पण सनद न लागणारी एक मोठी जागा रिकामी पडली आहे: जनसुनावणी. २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेनुसार सुनावणीआधी किमान ३० दिवसांची नोटीस हवी, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत हवा, सुनावणीचं चित्रीकरण व्हायला हवं. लेखी हरकत कोणीही देऊ शकतो. मूळ अहवाल शेकडो पानांचा आणि इंग्रजीत. तो वाचून, गावात जाऊन, लोकांचं म्हणणं मराठीत मुद्देसूद मांडायला विद्यार्थ्यांपेक्षा योग्य कोण? पुढे मंजुरी मिळालीच तर हरित न्यायाधिकरणात अपिलाला ३० दिवस, आणि पुरेसं कारण दाखवलं तर आणखी ६०. तिथे पक्षकाराला स्वतः उभं राहून बोलता येतं.

वर टायटल फाइव्हबद्दल जे लिहिलंय ते वाचताना मला हेच दिसत होतं. हरकतीच्या ३० दिवसांत विद्यार्थ्यांकडून नेमकं काम कसं करून घ्यायचं, हे शिकून या. तीन तासांच्या नियमात बसणारी वकील म्हणून आमच्यासारख्या कॉलेजात आलात तर तुमच्यासोबत एक वर्ग उभा करायला मी तयार आहे. हे नुसतं बोलणं नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

इरईकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. सनदशीर सर, व्यनि मिळाला, सविस्तर उत्तर लिहिते. चेंबूरच्या ताई, तुमचं वाचून घरच्या बैठकीतले सर्व्हेवाले आठवले.

संचालकांशी परवा बोलणं आहे. उन्हाळा, परवाना आणि केस कोण ठरवतं, हे तिन्ही विचारणार. त्यांनी अर्ध्या तासाचा नमुना वर्गही घ्यायला सांगितलाय. आणि ओपीटी पुढच्या वसंतात संपतंय, त्याचं काय करू?

बाकावरचा

ओपीटी कायद्याच्या पदवीला १२ महिनेच, मुदतवाढ नाही. पण विद्यापीठाला एच-१बीची वार्षिक मर्यादा लागू नसते, लॉटरी नाही, वर्षभरात केव्हाही अर्ज करता येतो. सप्टेंबर २०२५ मध्ये परदेशात असलेल्या उमेदवाराच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरची रक्कम लागू केली. तुम्ही इथेच आहात, तेव्हा इथूनच दर्जा बदलण्याचा अर्ज करायला सांगा आणि तो मंजूर होईपर्यंत देशाबाहेर जाऊ नका, गेलात तर दर्जाबदलाचा अर्ज सोडून दिल्यासारखा धरतात. घरी लग्नकार्य असेल तर आत्ताच तारखा बघून ठेवा. नियुक्तीपत्रात विद्यापीठ प्रायोजक असेल हे लेखी घ्या.

नमुना वर्गासाठी निवाडा घेऊ नका, सगळे तेच करतात. एखाद्या परवान्याची दोन पानं छापून न्या आणि विचारा, "या कारखान्याशेजारी राहणाऱ्या माणसाला यातून काय कळत नाही?" मग बोलू द्या त्यांना.