खाडीपलीकडच्या वाडीचे पार्श्वसंगीत

खाडीवाला :
राजापूर तालुक्यातील आमच्या हौशी मंडळींनी एक लघुपट केला असून त्याची कथा खाडीपलीकडच्या वाडीत घडते. वाडीला रस्ता नाही; पावसाने जोर धरला की होडी बंद होते आणि दुकान, दवाखाना, पोस्ट सगळे अलीकडच्या काठावर राहते. चित्रीकरण मनाजोगे झाले, परंतु पार्श्वसंगीतापाशी घोडे अडले आहे. संगीत करणाऱ्या मित्राने कीबोर्डवर बासरी आणि सनई घेऊन खाली सलग तानपुरा ठेवला आहे, आणि तो सुरू झाला की आमची वाडी पर्यटनाच्या जाहिरातीसारखी दिसू लागते. वाद्ये तर गावाकडचीच आहेत. मग गाव का उभे राहत नाही?

जुना श्रोता :
या प्रश्नासाठी सत्यजित राय यांचा बंगाली चित्रपट ‘पथेर पांचाली’ (१९५५) पुन्हा एकदा, शक्य तर काही प्रसंग डोळे मिटून, ऐकावा असे सुचवतो. बासरी तिथेही आहे, मुख्य धून तिच्यावरच आहे, त्यामुळे दोष बासरीचा नव्हे. संगीत देणारे सतारवादक रविशंकर यांना तेव्हा चित्रपटाचा सुमारे अर्धाच भाग पाहायला मिळाला होता आणि त्यांनी साधारण अकरा तासांच्या एकाच बैठकीत ध्वनिमुद्रण पूर्ण केले. काही तुकडा राहिला होता, तो छायालेखक सुब्रत मित्र यांनी स्वतः सतारीवर वाजवला. वाद्ये मोजकी, वेळ तुटपुंजा. आणि या टंचाईचा चित्रपटाला फायदाच झाला असे माझे मत आहे, कारण प्रत्येक दृश्याखाली अंथरायला संगीत उरलेच नाही.

आता त्या गावाचे एकटेपण नेमके कुठे ऐकू येते ते पाहा. रात्री घरात सगळे आपापल्या कामात असताना लांबून आगगाडीची शिटी येते. पुढे त्या घरातली भावंडे अपू आणि दुर्गा काशफुलांच्या माळावर तारेच्या खांबाला कान लावतात, तेव्हा तारांची घूं घूं ऐकू येते. बाहेरचे जग आधी कानाला कळते आणि डोळ्यांना फार उशिरा दिसते. जिथे तसे घडते ते गाव दूर आहे, हे प्रेक्षकाला निराळे सांगावे लागत नाही. तुमच्या मित्राच्या सलग तानपुऱ्याने नेमकी हीच वाट बुजवली असावी, कारण त्याच्याखाली दूरचे काही ऐकू येण्याला जागाच राहत नाही.

आणखी एक प्रसंग सांगतो. दुर्गा गेल्यानंतर तिचे वडील हरिहर परत येतात, तिच्यासाठी आणलेली साडी काढून दाखवतात आणि आई सर्वजया कोसळते. तिचा हंबरडा आपल्याला ऐकूच येत नाही. त्या जागी तारशहनाई वरच्या पट्टीत आक्रोश करते. हे वाद्य म्हणजे कर्णा बसवलेला इसराज, गजाने वाजणारा. दक्षिणामोहन टागोर यांनी वाजवलेल्या त्या थोड्या स्वरांचे वजन एवढे पडते, कारण आधीच्या संगीताने दुःखाची उधळपट्टी केलेली नाही.

डोलकाठी :
वरील विवेचन पटते, पण एक दुरुस्ती सुचवतो. त्या चित्रपटात पावसासाठी सतारीवर देस राग वाजतो आणि तो सुंदर आहे. मात्र आपल्याकडे आषाढात कौलांवर पाऊस कोसळू लागला की घरातल्या माणसाला ओरडून बोलावे लागते. त्या पावसावर सतार ठेवाल तर एक तर पाऊस खोटा करावा लागेल किंवा सतार. माझ्या मते संगीत पाऊस थांबल्यावर, पागोळ्या गळत असताना सुरू करावे.

शिवाय वाडी एकाकी आहे म्हणून ती मुकी नसते. शिमग्यात पालखी नाचते तेव्हा ढोल-ताशांनी आवाठ (घरांची वस्ती) दणाणते, आणि जत्रेत दशावताराची पायपेटी (पायाने भाता चालवायची पेटी), पखवाज आणि झांज पहाटेपर्यंत थांबत नाहीत. चाकरमानी आले की महिनाभराचे बोलणे दोन दिवसांत होते. हे सगळे गाळून नुसती उदास बासरी ठेवणे म्हणजे मुंबईहून पाहिलेले गाव आहे. (कथेत जत्रा असेल तर पायपेटी कीबोर्डवर वाजवू नका. भात्याचा उसासा आणि पायट्यांची करकर हा तिच्या आवाजाचाच भाग आहे.)

ध्वनीकाम :
एक तांत्रिक गोष्ट. पलीकडच्या काठावर ढोल वाजत असेल तर ताशाची कडकड वाटेतच विरते आणि ढोलाची घुम तेवढी पोहोचते. अंतर एक किलोमीटर धरले तर आवाज टिपरू पडल्यावर जवळजवळ तीन सेकंदांनी येतो. दृश्यात पलीकडचा काठ दिसत असेल तर संकलनात हा उशीर तसाच ठेवा. ढोल जुळवून घेण्याचा मोह फार होतो. तो जुळवला की मधली खाडी नाहीशी होते.

खाडीवाला :
सर्वांचे आभार. आमच्या लघुपटात नायिकेची सासू आजारी पडते त्या रात्री पलीकडे शिमग्याचा ढोल वाजत असतो, आणि मित्राने नेमक्या त्याच ठिकाणी सनई घातली आहे. ती काढून दूरचा ढोल एकटाच ठेवावा असे आता वाटते. मात्र ढोल सतत ऐकू यावा की मध्येच तुटावा?

डोलकाठी :
तुटू द्या. वारा फिरला की तो तुटतोच. सासूचे संवाद त्या खंडात बसवता आले तर पाहा, आणि ढोल परत येईल तेव्हा त्याची चाल पुढे गेलेली असू द्या. पालखी काही आपल्या दृश्यासाठी थांबलेली नसते. सनई मात्र मित्राला न दुखवता काढा, कारण पुढच्या लघुपटालाही तोच लागणार आहे.