माकली कुठे जास्त? बंदरावरच्या किलोंवरून नकाशा निघतो का?

उजनीकाठ, सोलापूर:
एमएस्सी प्राणिशास्त्राचा प्रकल्प आहे. विषय, महाराष्ट्र किनाऱ्यावर माकलीचं (स्क्विडचं) प्रमाण आणि पसारा. बोटीवर जाणं जमणार नाही. हातात रत्नागिरी आणि मुंबईच्या बंदरांवर उतरलेल्या मालाचे दोन वर्षांचे महिनावार किलो आहेत. शिवाय सोलापूरच्या मासळी बाजारात बर्फाच्या खोक्यांतून येणारे नग आठवड्याला ५० मोजता येतील. किलो बघून असं दिसतं की जून-जुलैत माकली नसतेच, ऑगस्टपासून एकदम उसळते आणि मुंबईसमोर रत्नागिरीपेक्षा जास्त आहे. असंच लिहिलं तर चालेल का? आणि बाजारातल्या मापांचा काय उपयोग, सांगा की.

वीस_वाव:
नाही चालणार. तुमचे तिन्ही निष्कर्ष बोटींबद्दल आहेत. जून-जुलैत ट्रॉलरना (तळावरून जाळं ओढणाऱ्या बोटींना) मासेमारी बंदी असते, ते शून्य तिथून आलं. बंदी उठली की दोन महिने न ओढलेल्या तळावर सगळी जाळी एकाच वेळी पडतात. पावसाळ्यानंतर माकली चांगली मिळते हे खरं, पण उसळीत मोसमाचा वाटा किती आणि बोटींचा किती, हे नुसत्या किलोंवरून वेगळं करता येत नाही. मुंबईत बोटी जास्त, आणि माल उतरला तिथेच पकडला असंही नसतं. आठ-दहा दिवसांच्या फेरीत ट्रॉलर भलत्याच जिल्ह्यासमोर ओढून येतो.

किलोंना जाळं पाण्यात असलेल्या तासांनी भागा. फेरीच्या दिवसांनी भागू नका, त्यात जाण्यायेण्याचा वेळ घुसतो. जाळ्याचा आकार आणि वेग मिळाला तर क्षेत्रफळावरही आणता येईल. ३ नॉट म्हणजे तासाला ५.५६ किमी, २ तासांत ११.१ किमी. जाळ्याची वरची दोरी ३० मीटर असेल तर तोंड साधारण तिच्या निम्मं उघडतं असं धरतात, म्हणजे १५ मीटर. ओढलेलं क्षेत्र ०.१६७ चौ. किमी. त्यात १२ किलो माकली आली तर चौ. किमीला ७२ किलो. पण जाळ्यासमोरची प्रत्येक माकली आत गेली, असं यात गृहीत आहे. निम्मीच सापडते असं धरलंत तर तोच आकडा १४४ होतो. म्हणून याला साठा म्हणू नका, एका ठिकाणाची दुसऱ्याशी तुलना करायला वापरा.

दिवसाच्या आणि रात्रीच्या ओढी एकत्र करू नका. माकली दिवसा तळालगत असते, रात्री खाण्यासाठी वर चढते, मग तळाचं जाळं तिच्या खालून जातं. तासाला रात्री २ किलो आणि दिवसा ६ किलो आले, म्हणून माकली तिप्पट झाली असं होत नाही.

खोली विचाराल तर तांडेल (बोटीचे प्रमुख) वावात सांगतील. १ वाव म्हणजे १.८३ मीटर, २० वाव म्हणजे ३७ मीटरच्या आसपास. मुंबईसमोर उथळ पट्टा खूप रुंद आहे, दक्षिणेकडे अरुंद होत जातो. त्यामुळे सारख्याच खोलीला पोचायला रत्नागिरीच्या बोटीला कमी अंतर लागतं. नकाशा किनाऱ्यापासूनच्या अंतरावर काढलात तर फसाल, खोलीच्या पट्ट्यांवर काढा.

कवटी_बघा:
त्याच्याही आधी एक भानगड निस्तरा. बंदराच्या वहीत 'माकूळ' लिहिलंय म्हणजे काय? माकूळ, म्हाकूळ, माकली ही नावं दोन वेगळ्या प्राण्यांना सर्रास वापरतात. पाठ दाबून बघा. आत पांढरी, ठिसूळ, चुन्याची कवटी लागली तर ती दुसरी जात, कटलफिश; पिंजऱ्यातल्या पोपटाला देतात तो समुद्रफेस तिचाच. माकलीच्या आत पातळ, पारदर्शक, पिसासारखी पट्टी निघते आणि ती वाकते. आपल्याकडची नेहमीची म्हणजे युरोटियुथिस डुव्हॉसेली. तिचे पर मागच्या भागात पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचे असतात. पर धडाच्या पूर्ण लांबीभर असतील तर नुसत्या बाह्यरूपावर कवटीवाली समजू नका, सेपिओटियुथिस ही माकलीही तशीच दिसते. चिरून बघितल्याशिवाय नोंद करू नका.

बाजारातली मापं प्रमाण सांगणार नाहीत, पण आकारमान आणि वाढ सांगतील. धडाची लांबी पाठीच्या मधल्या रेषेवर, शेपटीच्या टोकापासून डोक्यावरच्या काठापर्यंत, मिलिमीटरमध्ये घ्या. डोकं आणि हात मोजायचे नाहीत, ते ताणले जातात, तुटतात. बर्फ पूर्ण उतरू द्या, नग ओल्या फळीवर सपाट ठेवा, ओढू नका. वजनावर फार विसंबू नका, कारण गोड्या पाण्यात भिजलेलं मांस पाणी पितं. खोकी आकारानुसार निवडलेली असतात, त्यामुळे एका खोक्यातून ५० उचलले तर एकाच मापाचे मिळतील. त्या दिवशीच्या प्रत्येक प्रतीतून खोक्यांच्या प्रमाणात घ्या. मोठा माल बराचसा निर्यातीला जातो, म्हणजे सोलापुरात मोठी माकली कमी दिसली तर समुद्रातही कमी असं लिहू नका.

नर-मादी वेगळे नोंदवा. नर जास्त लांब वाढतो, त्यामुळे मिश्रण बदललं की सरासरी उगाच हलते. पोट चिरल्यावर मादीत दोन पांढऱ्या ग्रंथी दिसतात. नराच्या डाव्या चौथ्या हाताचे टोकाकडच्या भागातले चूषक (चिकटायच्या वाट्या) बदललेले असतात.

उजनीकाठ, सोलापूर:
वहीत दोन्ही एकत्र आहेत, आत्ताच बघितलं. मग तासांचे आकडे कुठून आणू? आणि दोन वर्षांत एवढा फरक का?

वीस_वाव:
भारतीय मत्स्य सर्वेक्षणाच्या जहाजांचे तासामागचे किलो अक्षांश-रेखांशाच्या चौकोनांवर आणि खोलीवार असतात, नकाशा त्यावर काढा. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे अंदाज उतरलेल्या मालाचे असतात, ते बंदरांच्या वहीशी ताडून बघायला ठेवा.

फरकाचं कारण आयुष्यात आहे. माकली साधारण वर्षभर जगते, अंडी घातली की मरते. जुन्या पिढीची शिल्लक नसते, म्हणून एका हंगामात पिल्लं कमी जगली की पुढच्या हंगामात लगेच दिसतं. शिवाय पावसाळ्यात खाड्यांच्या तोंडाशी पाणी गोडसर होतं, ते तिला सोसत नाही. पावसाळ्याच्या शेवटी तळाचं कमी प्राणवायूचं पाणी उथळ पट्ट्यावर चढतं, तेव्हा ती तिथून सरकते. एकाच महिन्यात एका चौकोनात शून्य आणि शेजारी ढीग, असं दिसलं तर आकडा चुकला म्हणून खोडू नका, आधी तिथला प्राणवायू बघा.

कवटी_बघा:
वहीतले आकडे वेगळे होणार नसतील तर प्रकल्पात 'माकूळ, दोन्ही मिळून' असंच लिहा आणि शीर्षकातून 'पसारा' काढून टाका.