कार्डिफचा तो ट्राय आणि आपलं रडगाणं

सीमारेषेवरून

न्यूझीलंडच्या १९०५-०६ च्या रग्बी दौऱ्याचा विषय निघाला की कुणीतरी त्यांच्या बॉब डीन्सचा नाकारलेला ट्राय (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवणं) काढतोच. ३५ सामने, ३४ विजय, आणि जो एक हरले तो म्हणे पंचामुळे. मला हे ऐकून कंटाळा आलाय, म्हणून हा धागा.

नवख्यांसाठी थोडक्यात. १६ डिसेंबर १९०५, कार्डिफ आर्म्स पार्क. न्यूझीलंडने हाका, म्हणजे सामन्याआधीचा माओरी आव्हान-नाच केला, त्याला उत्तर म्हणून वेल्सच्या खेळाडूंनी आपलं राष्ट्रगीत सुरू केलं आणि सगळं मैदान गाऊ लागलं. पूर्वार्धात वेल्सच्या टेडी मॉर्गनचा ट्राय, ३-०. उत्तरार्धात न्यूझीलंडचा बिली वॉलेस मुसंडी मारत आला, चेंडू डीन्सला दिला, आणि डीन्स गोलरेषेपाशी आडवा झाला. पंच जॉन डॅलस म्हणाला, पोचला नाही. संपलं.

माझं म्हणणं एवढंच की वेल्स अभ्यास करून जिंकलं. बाकीचे संघ आठ गडी स्क्रममध्ये (दोन्हीकडचे गडी डोकी भिडवून चेंडूसाठी रेटतात ते) घालायचे, न्यूझीलंड सातच. कप्तान डेव्ह गॅलहर बाहेर मोकळा. तोच स्क्रममध्ये चेंडू टाकणार आणि मग समोरच्या स्क्रम-हाफच्या (स्क्रममधून चेंडू उचलणाऱ्याच्या) वाटेत खांबासारखा उभा राहणार. तीन महिने इंग्लंडातली वर्तमानपत्रं "ही फसवाफसवी आहे" म्हणून ओरडत होती, पण मैदानावर उत्तर कुणी शोधलं नाही. वेल्सने शोधलं. त्यांनीही सातच गडी आत ठेवले आणि क्लिफ प्रिचर्डला बाहेर काढलं. मॉर्गनचा ट्राय बघा: डिकी ओवेन स्क्रममधून चेंडू घेऊन उजवीकडे सुटला, सगळा बचाव त्याच्यामागे धावला, आणि त्याने उलटा डावीकडे पास फेकला. प्रिचर्ड, गेब, मॉर्गन. याला नशीब म्हणायचं?

आणि एक हिशेब. ब्रिटन-आयर्लंडमधल्या ३२ सामन्यांत न्यूझीलंडवर चढले एकूण ३९ गुण. त्यातले १७ वेल्समधल्या पाच सामन्यांत. कार्डिफ क्लबशी १०-८, स्वान्झीशी ४-३. दौऱ्यात असं दुसरीकडे कुठे झालं?

काळी जर्सी

हिशेब छान मांडलात, पण मधलं पान फाडलंत. डॅलस त्या दिवशी रोजच्या कपड्यांत, साध्या बुटांत शिट्टी फुंकत होता. चिखलात घसरत मागून येणारा माणूस इंचांचा निकाल देणार! डीन्सने डेली मेलला तार केली की चेंडू रेषेच्या सहा इंच पलीकडे टेकवला होता आणि पंच यायच्या आत आपल्याला मागे ओढलं. आणि पुढे डीन्सचा ट्राय खरा होता असं कबूल कुणी केलं? तुमच्याच मॉर्गनने. आता बोला.

शिवाय तो दौऱ्यातला २८ वा सामना. पहिला १६ सप्टेंबरला. बरोबर तीन महिन्यांत अठ्ठावीस! उपकप्तान बिली स्टेड नाही, जॉर्ज स्मिथ नाही. दमलेल्या संघाला हरवलं, त्याचं एवढं काय कौतुक?

सीमारेषेवरून

दमलेला? त्याच आठवड्यात बुधवारी याच दमलेल्या संघाने यॉर्कशायरला ४०-० असं धुतलं होतं. शनिवारपर्यंत एकदम थकवा आला वाटतं. नाचता येईना…

काळी जर्सी

यॉर्कशायर?? १८९५ मध्ये खेळाडूंना पैसे देण्यावरून रग्बीत फूट पडली, त्यानंतर तिथले तगडे गडी वेगळ्या झालेल्या नॉर्दर्न युनियनकडे गेले ते गेलेच. हे माप धरून तुम्ही दमछाक मोजणार?

फक्कीची रेघ

रग्बीतलं मला फार कळत नाही. पण आठ-दहा वर्षं गावोगावी कबड्डीची पंचगिरी केली आहे, त्या अधिकाराने बोलतो.

चढाई करणाऱ्याला चौघांनी धरलंय, कमरेला एक, दोघे पायाला, तो पोटावर सरपटत मधल्या रेषेकडे हात लांबवतोय. फक्की तोवर पुसली गेलेली असते, दिसते ती नुसती पांढरी माती. बोट टेकलं की नाही, हे तीन फुटांवर उभं राहूनही मला कधी कधी दिसलेलं नाही. शिट्टी मारायच्या आत मागच्यांनी त्याला ओढलेलं असतं. आणि मग दोन्ही संघ छातीवर हात ठेवून सांगतात, आणि दोघेही खोटं बोलत नसतात.

म्हणून मला डीन्सच्या तारेपेक्षा ऱ्हिस गेबचं म्हणणं पटतं. पकडणारा तोच. त्याने सांगितलं की पकडल्यावरही डीन्स पुढे सरकायची धडपड करत होता. रेषा ओलांडलेला गडी कशाला धडपडेल? आमच्याकडेही असंच ओळखतात. ज्याचा हात टेकलाय तो अंग सैल सोडतो.

जुना हिशेब

सगळे त्या सहा इंचांवरच. खरी गंमत पैशांची. स्कॉटलंडच्या युनियनने पाहुण्यांना ठराविक रक्कम देण्याची हमी नाकारली, म्हणाले तिकिटांचं जे येईल ते घ्या. आणि गर्दी अशी लोटली की हमी दिली असती तर स्वस्तात सुटले असते. खेळाडूंना मात्र दिवसाचे तीन शिलिंग, आणि त्यावरही "हे हौशी कसले" म्हणून कुरकुर. या दौऱ्यातला जॉर्ज स्मिथ १९०७ मध्ये व्यावसायिक संघ घेऊन निघणाऱ्यांत होता, ते उगाच नाही.

सीमारेषेवरून

अवांतर आहे, पण स्वतंत्र धागा काढा, मी येतो.

@फक्कीची रेघ, गेबचा मुद्दा माझ्या लक्षातून निसटला होता. आभार.

काळी जर्सी

गेब वेल्सचा. पकडणाऱ्याने "सुटला माझ्या हातून" असं कधी म्हटलंय? तुमच्या गावात म्हणतात का?

फक्कीची रेघ

नाही म्हणत. हा एक गुण तुम्हाला.

डीन्स मात्र १९०८ मध्ये अपेंडिक्सच्या दुखण्याने गेला. चोवीस वर्षांचा होता. हे वाचल्यावर मला त्याला खोटं ठरवायला जड जातं, हेही सांगून टाकतो.

सीमारेषेवरून

जड मलाही जातं. पण समजा दिला ट्राय. तेव्हा ट्रायचे तीनच गुण. ३-३ झालं असतं. बरोबरी म्हणजे विजय नव्हे. कन्व्हर्जन (ट्रायनंतर खांबांमधून किक मारून मिळणारे जादा गुण) कुणी मारायचं?

काळी जर्सी

वॉलेसने! तुम्हीच वर लिहिलेल्या त्या स्वान्झीच्या ४-३ मधले चारही गुण त्याच्याच एका ड्रॉप गोलचे (चालू खेळात चेंडूचा टप्पा पाडून खांबांमधून मारलेली किक). तो गोलखांबांसमोरचं कन्व्हर्जन चुकला असता असं म्हणणार असाल तर मी चाललो जेवायला.