मदत हवी आहे: शुद्धीत असतानाही भाऊ इतके धोके का पत्करतो?

नमस्कार. माझं माहेर अहमदपूर तालुक्यात, सासर नांदेडला. धाकट्या भावाबद्दल विचारायचं आहे. दोन लेकरं, थोडी कोरडवाहू जमीन. दारू बऱ्याच वर्षांपासूनची.

पिऊन मोटारसायकल पळवतो, ते एकवेळ समजतं. पण न पिताही त्याचं तसंच. सोयाबीनची पट्टी हातात पडली की तिरट खेळायला बसतो. हरला की खाजगी सावकाराकडून व्याजानं उचल, की परत डाव. विहिरीवरच्या मोटारीची वायर लाईट चालू असताना जोडतो. आई म्हणते, "ह्याला जिवाचं भ्याव राहिलं नाही." भावजय म्हणते, "त्यांना सगळं कळतंय वन्सं, आमचीच पर्वा नाही."

मी जमेल तेवढं वाचलं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात बेचारा, दमासिओ आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली पत्त्यांची एक चाचणी मांडली. पत्त्यांचे चार गठ्ठे. दोघांत दर पानाला मोठी रक्कम, पण मधूनच असा दंड की अखेर तोटाच. उरलेल्या दोघांत थोडं थोडं मिळून शेवटी नफा. बहुतेक लोक काही पानांनंतर तोट्याचे गठ्ठे सोडतात. कपाळामागच्या मेंदूला इजा झालेले मात्र तिथलीच पानं उचलत राहिले, आणि पुढे व्यसन असलेल्यांपैकी बऱ्याच जणांचंही तसंच दिसलं. हे वाचून मला भाऊच दिसला. हरल्याचं त्याला माहीत असतं, पण पुढच्या डावाला ते आडवं येत नाही. म्हणजे भावजय म्हणते तसं त्याला कळतं, पण तो असं वागतो ते पर्वा नसल्यामुळेच, असं मला आता वाटत नाही.

मग "लेकरांच्या पुढच्या आयुष्याचा विचार कर" हे आम्ही रोज सांगतो, त्याचा उपयोग काय? व्यसनात लांबच्या मोठ्या फायद्यापेक्षा आत्ता हाती येणारं थोडंसं जास्त ओढतं, असंही संशोधन सांगतं. लगेच दिसेल असं काही त्याच्यापुढे ठेवून कुणाला फरक जाणवला का? नेमकं काय ठेवलंत?

शेजारचे काका म्हणतात, दारू सोडायची गोळी वरणात कालवा, नाहीतर खोलीत कोंडा. दोन्हीला मी ठाम नाही म्हटलंय. अशा गोळीत बहुधा डायसल्फिराम हे औषध असतं; ते पोटात गेल्याचं माहीत नसताना माणूस दारू प्यायला तर रक्तदाब एकदम कोसळू शकतो, आणि रोज पिणाऱ्याची दारू अचानक तोडली तर झटके येऊन जीवही जाऊ शकतो. कृपया असे उपाय सुचवू नका.

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मी बोलले. मराठीत नीट ऐकून घेतलं, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा म्हणाले. पण तो यायला तयार नाही. "मला काय येड लागलंय का?" म्हणतो. ज्यांनी घरच्या माणसाला न भांडता पहिल्यांदा डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी सुरुवात कुठल्या बोलण्यानं केली ते सांगा. लातूर-नांदेडकडचा अनुभव असेल तर फारच बरं.

आणि एक घाईचं. दसऱ्याच्या सुमाराला नवं सोयाबीन आडतीवर जाईल. सातबारा त्याच्याच नावावर आहे. पैसे भावजयीच्या खात्यावर जमा करायला तो राजी होईल, असं कुणी कसं जमवलं? पैसे हातात नाहीत म्हणून तो आणखी उचल करेल, ही भीती आहेच.