पुन्हा: जानेवारीतला जामठा, तिकिटं आणि आपला विदर्भ

प्रेषक: देवळीवाले (सध्या मुक्काम गावी)
शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५

मंडळी, सप्रेम नमस्कार.

२१ जानेवारीला नागपूरजवळ जामठ्याच्या मैदानावर भारत–न्यूझीलंड टी-ट्वेंटी आहे. त्या सुमारास परदेशातून गावी येणाऱ्यांनी मिळून तिकिटं काढायची का, यायचं कसं, लागतील किती, असं चौघा-पाचजणांनी विचारलं होतं. मी दसऱ्यापासून इथंच देवळीला आहे, कापूस वेचणीसाठी. तर आधी विचारलेलं सांगतो, मग मनातलं.

मुंबईला उतरून गाडीनं येणार असाल तर आता समृद्धी महामार्ग शेवटपर्यंत सुरू झालाय. ७०१ किलोमीटर, कारला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे, म्हणजे एका बाजूचा टोल चौदाशेच्या वर. फास्टॅगचा ३००० रुपयांचा वार्षिक पास तिथं चालत नाही, तो राष्ट्रीय महामार्गांपुरता आहे. माझ्या भाच्यानं याच समजुतीत घेतला होता. अमरावती-परतवाड्याकडच्यांना मुंबईहून थेट अमरावतीजवळच्या बेलोऱ्याला विमान आहे, एप्रिलपासून. पण ते लहान विमान, तेव्हा बॅगांचं वजन आधी विचारून घ्या. नागपूरला उतरलात तर मैदान विमानतळाच्याच अंगाला, वर्धा रोडवर. मेट्रो खापरीपर्यंत येते. सामना सातचा, सुटायला अकरा होतील, गर्दीतून बाहेर पडायला बारा. वर्ध्याकडं परतणाऱ्यांनी एसटीच्या भरवशावर राहू नये, गाडी ठरवूनच या. तिकीट पाचशेच्या वरचं असेल तर त्यात १८ टक्के जीएसटी धरा. आयपीएलच्या तिकिटावर सप्टेंबरापासून ४० टक्के आहे, त्यामानानं हे बरं.

आता मनातलं.

गेल्या फेब्रुवारीत रणजीचा अंतिम सामना मी जामठ्यात बसून पाहिला. केरळकडून आदित्य सरवटे खेळत होता. आपला सरवटे. याच मैदानावर फेब्रुवारी २०१९मध्ये त्यानं पुजाराला एकदा १ वर आणि एकदा शून्यावर काढलं होतं, सामन्यात ११ बळी घेतले होते आणि आपण सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून सलग दुसऱ्यांदा चषक उचलला होता. तोच आता आपल्याविरुद्ध ७९ धावा करत होता. माझ्या शेजारी हिंगणघाटचे एक गृहस्थ होते. प्रत्येक चौकाराला ते टाळी वाजवायला हात उचलायचे आणि खाली घ्यायचे.

सरवटेवर माझा राग नाही. खेळाडूला आपलं पोट आहे, आपली उमेद आहे. २०१७-१८च्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेणारा रजनीश गुरबानी महाराष्ट्राकडं गेला. अमरावतीचा जितेश शर्मा यंदा बडोद्याकडं गेला. करुण नायर दोन हंगाम आपल्याकडं खेळून कर्नाटकात परतला. येणारे येतील, जाणारे जातील. मला लागून राहिलेली गोष्ट वेगळीच आहे: या रिकाम्या जागांवर कोण येतं आणि कुठून येतं?

आमच्या शेजारच्या घरचा पोरगा सतरा वर्षांचा आहे. डावखुरा फिरकी टाकतो. गावात मैदान नाही. सोयाबीन निघाल्यावर पोरं खळ्याच्या जागेवर काथ्याची चटई खिळ्यांनी ठोकतात आणि तिच्यावर खेळतात. त्याच्याकडं एक लेदरचा चेंडू आहे. त्याची शिवण उसवली होती, ती त्यानं गावच्या चांभाराकडून मेणाच्या दोऱ्यानं परत घालून घेतली. चेंडू हातात घेतला तर एका बाजूचे टाके बारीक नि जवळजवळ, दुसऱ्या बाजूचे जाड. तो मला म्हणाला, "काका, जाड बाजू बोटाखाली धरली का बॉल जास्त फिरते." मी दोन षटकं त्याच्यासमोर उभा राहिलो. खरंच फिरतो.

या रविवारी नागपुरात निवड चाचणी आहे. इथून नागपूरचं एसटीचं तिकीट एकशेसाठच्या घरात. शाळेच्या पासला सवलत आहे, पण तो पास घर ते शाळा एवढाच. नागपूरला जायचं तर पूर्ण तिकीट. जाऊन-येऊन सव्वातीनशे. म्हणून पोरगा उद्या शनिवारी वेचणीला जाणार. किलोला दहा-बारा रुपये मजुरी आहे. तीस किलो वेचला तर जाण्यायेण्याचं निघतं. ज्यांनी कापूस वेचलाय त्यांना सांगायला नको: बोंडाच्या टोकांनी बोटांच्या पेरांची सालं निघतात. आणि त्याच बोटांनी त्याला दुसऱ्या दिवशी चेंडू फिरवायचा आहे.

बॅट-बॉलवरचा जीएसटी सप्टेंबरात १२ वरून ५ टक्क्यांवर आला, चांगलं झालं. पण बरी इंग्लिश विलो बॅट अजूनही दहा हजारांच्या खाली मिळत नाही. लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव यंदा क्विंटलला ८११० रुपये. तोही अ‍ॅपवर नोंदणी झाली आणि ओलावा आठ टक्क्यांच्या आत भरला तर. व्यापाऱ्याच्या काट्यावर त्याहून कितीतरी कमी. म्हणजे एक बॅट घ्यायची तर हमीभावानंही सव्वा क्विंटल कापूस द्यावा लागतो.

म्हणून माझं म्हणणं: तिकिटं काढूच, मीही येणार आहे. पण मंडळानं दिवाळीच्या कार्यक्रमातून जी शिल्लक 'विदर्भासाठी काहीतरी' म्हणून बाजूला ठेवली आहे, तिच्यातून सगळ्यांसाठी जर्सी शिवायचा जो बेत चाललाय, तो सोडावा. ते पैसे चार-पाच गावांतल्या पोरांच्या प्रवासाला द्यावेत.

देवळीवाला

---

प्रेषक: अकोल्याचा
शुक्रवार, ५ डिसेंबर २०२५

देवळीवाले भाऊ,

प्रवासाच्या माहितीबद्दल आभार. आम्ही सहाजण आहोत, आमची तिकिटं धरा.

बाकी मुद्द्यावर मी तुमच्याशी सहमत नाही, आणि मोकळेपणानं बोलतो. बाहेरचे खेळाडू आले-गेले म्हणून सोडून देता येत नाही, चषक त्यांच्यामुळेच आले. विदर्भ १९५७-५८पासून रणजी खेळतोय. पहिला चषक १ जानेवारी २०१८ला, इंदूरला, दिल्लीला हरवून. साठ वर्षं लागली. तेव्हा संघात वासिम जाफर होता, गणेश सतीश होता, आणि शिकवायला चंद्रकांत पंडित होते. पुढच्या हंगामात एकट्या जाफरनं १०३७ धावा काढल्या. यंदाच्या अंतिम सामन्यातही आपले २४ धावांत तीन गेले होते. करुण नायर उभा राहिला नसता तर काय झालं असतं? पहिल्या डावात ८६, दुसऱ्यात १३५. माझे बाबा अकोल्याला ट्रान्झिस्टरवर रणजीचा स्कोअर ऐकायचे. विदर्भाचा संघ बाद फेरीत दिसला तरी त्यांना सण वाटायचा. ते २०१४ला गेले. त्यांनी एकही चषक पाहिला नाही. तीन चषक ज्यांनी आणून दिले, त्यांना 'येणारे-जाणारे' म्हणू नये, एवढंच म्हणणं आहे.

दुसरं, पैशाचं. मंडळाच्या खात्यातून परगावच्या एखाद्या मुलाला तिकिटाचे पैसे द्यायचे म्हणजे हिशेब कसा ठेवणार? आज तुमच्या शेजारचा, उद्या माझ्या मावशीच्या गावचा. निवड कोण करणार? जर्सीचा हिशेब एका पावतीत होतो.

अकोल्याचा

---

प्रेषक: आर्वीची लेक
शनिवार, ६ डिसेंबर २०२५

दोघांनाही नमस्कार.

मी कधी लिहीत नाही, पण देवळीवाले काकांचं पत्र वाचून झोप लागली नाही. मी आर्वीला नववीत असताना जिल्ह्याच्या संघातून खेळले आहे. यष्टिरक्षण करायचे. पुढं नाही गेले, त्याचं कारण प्रवास.

मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. शाळेत जाणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत पास मोफत आहे. या दोन गोष्टींनी खेड्यात किती फरक पडलाय ते मी माझ्या भाचीत पाहते. पण मुलगी एकटी नागपूरला जात नाही, सोबत कोणीतरी लागतं. आई गेली तर दोन अर्धी मिळून एक पूर्ण तिकीट होतं, आणि आईची त्या दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. बाबा गेले तर दीड तिकीट. चाचणी सकाळी आठला असली की आदल्या रात्री कोणाकडे तरी मुक्काम करावा लागतो. माझ्या वेळी नागपुरात आमचं कोणी नव्हतं. म्हणून एका वर्षी मी गेलेच नाही, आणि पुढच्या वर्षी वय बसलं नाही.

अमरावतीची भारती फुलमाळी भारताकडून खेळली. दिशा कासट अमरावतीचीच. दोघींचं नाव टीव्हीवर आलं की आई मला अमेरिकेत फोन करते. अमरावती म्हणजे तरी शहर आहे, हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारखी १९१४पासूनची संस्था तिथं आहे. आर्वी, कारंजा, आष्टीच्या मुलींचं काय?

काका, पैसे दिलेत तर मुलींच्या सोबत जाणाऱ्या माणसाचं तिकीटही त्यात धरा. आणि माझ्या वाटणीची जर्सी नको.

आर्वीची लेक

---

प्रेषक: देवळीवाले
सोमवार, ८ डिसेंबर २०२५

अकोल्याचे भाऊ आणि ताई,

कालच नागपूरहून रात्री परतलो, म्हणून उशीर.

भाऊ, जाफर आणि नायर यांच्याबद्दल माझे शब्द कमी पडले, ते मागे घेतो. तुमच्या बाबांचं वाचून मन भरून आलं. आमच्याकडेही शेतात झाडाच्या फांदीला ट्रान्झिस्टर टांगलेला असायचा. पण तुम्ही सांगितलेलाच डाव पुन्हा डोळ्यांपुढे आणा. २४ला तीन गेल्यावर नायरच्या समोर उभा कोण होता? दानिश मालेवार, एकवीस वर्षांचा, आपल्या नागपूरचा. दोघांनी २१५ धावांची भागी केली. नायर धावबाद होऊन गेला तरी पोरगा १५३ करूनच आला. मोसमात ९६० धावा करणारा यश राठोड, ६९ बळी घेऊन रणजीच्या एका मोसमाचा विक्रम मोडणारा हर्ष दुबे, कर्णधार अक्षय वाडकर, हे सगळे इथलेच. पाहुणा एका टोकाला आधार देतो. दुसऱ्या टोकाला उभं राहायला घरचाच लागतो, आणि नायर गेल्यावर यंदा संघात उरला आहे तोही तोच घरचा. उमेश यादव खाणकामगाराचा मुलगा, विशीपर्यंत टेनिस बॉलनंच खेळलेला. शुभम दुबे यवतमाळचा, त्याला आयपीएलमध्ये राजस्थाननं ५ कोटी ८० लाखांना घेतलं. दर्शन नळकांडे आपल्या वर्ध्याचा. असे निघाले ते दोन-चार. त्या वाटेवर बसच्या तिकिटापाशी थांबलेले किती, त्यांची नावं कोणत्याच यादीत नाहीत.

काल काय झालं ते सांगतो. पोरानं शनिवारी अठ्ठावीस किलो वेचला. पहाटे साडेपाचच्या गाडीनं मी त्याच्यासोबत गेलो. सेलू गेलं, बुटीबोरी गेलं, आणि उजाडता-उजाडता जामठ्याचे दिव्यांचे खांब दिसले. पोरगा खिडकीला नाक लावून बसला होता. गाडी तिथं थांबत नाही. तो मान मागं वळवून, खांब दिसेनासे होईपर्यंत पाहत राहिला. काही बोलला नाही.

चाचणीला शंभरावर पोरं होती. अडीच तास रांगेत बसलो. त्याला चेंडू मिळाले आठ. पहिले दोन आखूड पडले, बोटं सोलली होती म्हणून नीट पकड बसेना. तिसऱ्यानंतर त्यानं पेरांना लावलेली पट्टी काढून टाकली. सहावा आणि सातवा चेंडू मधल्या यष्टीवर पडून बाहेरच्या यष्टीच्याही पलीकडं गेला. फलंदाजाची बॅट दोन्ही वेळा नुसती फिरली. टिपणाऱ्या माणसानं मान वर करून नाव विचारलं, गाव विचारलं, आणि 'कळवू' म्हणाला. कळवतील की नाही ते पुढं पाहू. आठ चेंडूंत पोरगं कळतं का, हे मला पटत नाही, आणि तिथल्या एका भल्या माणसाला मी तसं सांगितलंही. तो म्हणाला, काका, पोरं एवढी आहेत आणि सरावाच्या जाळ्या दोन.

दुपारी त्याला सीताबर्डीवर पोटभर जेवू घातलं. मी पैसे देत होतो तर ऐकेना, स्वतःचं तिकीट स्वतःच काढलं. परतताना मांडीवर तो चेंडू घेऊन झोपला.

आता हिशेबाचं, कारण भाऊ, तुमचा आक्षेप रास्त आहे. आगाऊ रोख कोणालाच द्यायची नाही. गावातल्या शाळेचे क्रीडाशिक्षक आणि मी मिळून यादी करू. जो चाचणीला किंवा सामन्याला जाऊन येईल त्यानं एसटीची तिकिटं आणून द्यायची, तेवढेच पैसे शाळेतून मिळतील. एसटीचं तिकीट म्हणजे पावतीच, तारीख, ठिकाण, रक्कम सगळं छापलेलं. ती तिकिटं मी वहीत चिकटवून ठेवीन आणि तीन महिन्यांनी वहीचे फोटो इथं पाठवीन. ताई म्हणते तसं मुलीसोबत जाणाऱ्याचं तिकीट धरायचं. आदल्या रात्रीच्या मुक्कामासाठी माझ्या चुलतभावाचं घर नागपुरात खामल्याला आहे, वहिनी हो म्हणाल्या आहेत. त्या स्वतः मुलींना सकाळी मैदानावर सोडतील.

भाऊ, तुमच्या मावशीच्या गावाचं नाव कळवा. तिथला कोणी शिक्षक ओळखीचा असेल तर दुसरी वही तिथं सुरू करता येईल.

जानेवारीत येणाऱ्यांना एक विनंती. बॅगेत जागा असेल तर वापरलेले पण चांगले स्पाइक्स आणा. आठ आणि नऊ नंबरचे जास्त लागतात, मुलींसाठी पाच-सहा. यष्टिरक्षणाचे हातमोजे कोणाकडे पडून असतील तर तेही आणा. इथं दोन गावांत मिळून एकच जोडी आहे आणि तिचा उजवा अंगठा फाटलेला आहे.

२१ तारखेच्या सामन्याला आतापर्यंत अकोल्याचे सहा, मी, आणि इथून दोन, असे नऊजण झालो. आणखी कोणाला यायचं असेल तर रविवारपर्यंत लिहा.

देवळीवाला