मदत हवी आहे: शेडचे पत्रे बदलायचं काम गुत्त्यावर द्यायचंय, माणूस पडला तर जबाबदारी कुणाची?

शेडवाला_उद्यमबाग
नमस्कार मंडळी. बेळगावात उद्यमबागला आमचं छोटं मशीन शॉप आहे, 14 कामगार. शेड वडिलांच्या वेळचं, वर सिमेंटचे पत्रे आणि मधेमधे उजेडासाठी फायबरचे, ते आता काळे पडून सिमेंटच्या पत्र्यासारखेच दिसायलेत. मागच्या पावसात लेथवर पाणी गळत होतं म्हणून यंदा मिरगाच्या आत सगळे पत्रे काढून कलर कोटेड घालायचेत. एका मेस्त्रीशी बोलणं झालंय, ॲडव्हान्स अजून दिलेला नाही. तो म्हणतो रविवारी पाच-सहा पोरं आणतो, दोन रविवारात काम खल्लास. मी बेल्टचं विचारलं तर म्हणे मालक, आमची पोरं पत्र्यावरच मोठी झालीत, बेल्ट लावला की काम होईना. वर स्वतःहूनच सांगतो, शंभराच्या स्टॅम्पवर लिहून देतो, काय झालं तर माझी जबाबदारी, तुमच्या अंगावर काय येत नाही. शेजारचे युनिटवाले पण तेच सांगायलेत की लिहून घ्या आणि मोकळे व्हा. माझं मन काय घेईना. त्या कागदाला खरंच किंमत आहे का, आणि ॲडव्हान्स द्यायच्या आधी मेस्त्रीकडून नेमकं काय काय मागायचं? शेडमधे 3 टनाची क्रेन पण आहे, आणि मागच्या बाजूनं विजेची लाईन जाते.

मच्छेकर
आमच्याकडं सगळे असंच लिहून घेतात भावा, आजवर कुणाला काय झालेलं ऐकलं नाही. पाच माणसांच्या कामाला एवढी लफडी काढलास तर मेस्त्री दुसरीकडं जाईल आणि तू पावसात बसशील छत्री घेऊन.

निवृत्त_सेफ्टीवाला
मच्छेकर, ऐकलं नाही म्हणजे झालं नाही असं नसतं.
शेडवाले, त्या स्टॅम्पपेपरचा उपयोग एवढाच की तुम्हाला भरपाई भरावी लागली तर नंतर मेस्त्रीकडं वसूल करायला धरता येतं. त्याच्याकडं देण्यासारखं काय असलं तर. जखमी माणसाचा हक्क तुम्ही दोघांनी आपसात लिहून संपत नाही, त्यानं त्यावर सही केलेली नाही. 1923 चा नुकसानभरपाईचा जो कायदा होता, जो आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलाय, त्यात ठेकेदाराच्या माणसाची भरपाई मूळ मालकाकडं मागता येते, अट एवढीच की ते काम मालकाच्या धंद्याचा भाग असलं पाहिजे. छप्पर दुरुस्ती हा मशीन शॉपच्या धंद्याचा भाग की नाही यावर वकील खुशाल भांडतील, पण तोवर कोर्टाच्या तारखा तुम्हीच घालायच्या. आणि माणूस दगावला तर पोलीस केस वेगळी, भारतीय न्याय संहितेचं 106 कलम, निष्काळजीपणानं मृत्यू, पाच वर्षांपर्यंत शिक्षा. जागा तुमची, क्रेन तुमची, पत्रे कुजलेत हे तुम्हाला माहीत होतं, मग स्टॅम्पपेपर दाखवून पीएसआय परत जाईल असं वाटतं का?

शेडवाला_उद्यमबाग
पण सर, नोव्हेंबर 2025 पासून नवे लेबर कोड आलेत ना, आमचा कन्सल्टंट म्हणतो वीजेवर चालणाऱ्या कारखान्याची कामगारांची मर्यादा 20 झाली, ठेक्याच्या माणसांची 20 ची 50 झाली, म्हणजे आपण सुटलो.

निवृत्त_सेफ्टीवाला
आकडे बरोबर आहेत, सुटलो बरोबर नाही. 10 किंवा जास्त कामगार असतील तर एस्टॅब्लिशमेंट, म्हणजे आस्थापना, म्हणून सेफ्टीची कर्तव्यं येतातच. 50 चा आकडा ठेक्याच्या लायसन्स वगैरेसाठी. पत्र्यातनं खाली जाणारा माणूस आकडा बघून पडत नाही. तुम्ही ईएसआयला, म्हणजे कामगार विमा योजनेत, असाल तर ठेकेदाराच्या पोरांचं पण आधी ईएसआय ऑफिसशी बोलून घ्या, तिथं तुम्ही प्रिन्सिपल एम्प्लॉयर, म्हणजे मूळ मालक.

आता कामाचं बोलू. जुना सिमेंट पत्रा माणसाचं वजन घेईल असं धरायचंच नाही. पोरं बोल्टाच्या ओळीवरनं चालतात कारण खाली पर्लिन, म्हणजे पत्रे ज्यावर टेकतात ती आडवी पट्टी, असते, आणि त्या हिशेबात एक पाय चुकला की खाली काँक्रीट आणि लेथ. तुमचे काळे पडलेले फायबर पत्रे तर सगळ्यात वाईट, वरनं ओळखूच येत नाहीत. काम सुरू व्हायच्या आधी खालनं बघून प्रत्येक फायबर पत्र्याची जागा वर रंगानं मार्क करायला लावा. चालायला फळ्या, त्या कमीत कमी दोन पर्लिनवर टेकतील एवढ्या लांब, आणि बसायच्या जागी बांधलेल्या. खाली जाळी. बेल्ट म्हणजे कमरेचा पट्टा नाही, फुल बॉडी हार्नेस, आयएस 3521 चा छाप असलेला, दोन दोऱ्यांचा, म्हणजे एक हुक काढताना दुसरा लागलेला असतो. "बेल्ट लावला की काम होईना" म्हणतात त्याचं कारण हुक कुठं लावायचा तेच कुणी ठरवलेलं नसतं, म्हणून ट्रसला, म्हणजे छपराच्या कैचीला, आधी लाईफलाईन, म्हणजे हुक अडकवायचा मजबूत दोर, ओढायची, हुक तिला. पत्र्याला नाही, पत्रा धरणाऱ्या गंजक्या जे-बोल्टाला तर अजिबात नाही. आणि जिथं जमेल तिथं वर न चढता खालनं मचाणावरनं किंवा मॅनलिफ्ट (माणसाला वर नेणारं मशीन) भाड्यानं आणून बोल्ट काढा.

क्रेनचा मेन स्विच बंद करून कुलूप, चावी तुमच्या खिशात. नुसती फ्यूज काढून उपयोग नाही, कोणतरी येऊन घालतोच. क्रेनला वीज देणाऱ्या उघड्या कंडक्टर बारला हात लागूनही माणूस जातो, नुसता पडूनच नाही.

पत्रेवाला_शहापूर
मी स्वतः ही कामं घेतो म्हणून बोलतो. मेस्त्रीलाच शिव्या घालू नका अण्णा. दर सांगितला की मालक पहिल्यांदा बेल्ट-जाळीचेच पैसे कापतात, मग आम्ही आणणार कुठनं? कोटेशनमधे सेफ्टीची ओळ वेगळी लिहून घ्या, जाळी, फळ्या, लाईफलाईन, लिफ्टचं भाडं, आणि त्या ओळीवर घासाघीस करू नका. मग माणूस नाही म्हणाला तर समजा त्याला नाहीच करायचं. मागच्या लाईनचं हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) सेक्शन ऑफिसला लेखी अर्ज द्या, तारीख आणि वेळ घालून, शटडाऊन घ्या. बारा फुटी पत्रा वाऱ्यानं फिरला की सरळ तारेत जातो, मी डोळ्यानं बघितलंय. मेस्त्री म्हणेल लांब आहे, लागत नाही. ऐकू नका. वारा सुटला की काम थांबवा, तुमच्याकडं मे महिन्यात दुपारनंतर वळीव कधी येईल सांगता येत नाही.

जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचेच असणार. पाणी मारून ओले करून अख्खे खाली घ्या, ग्राइंडर लावायचा नाही, वरनं आपटून फोडायचे तर नाहीतच. त्या धुळीनं पुढं फुफ्फुसाचं दुखणं होतं. आणि तुकडे कुणाला गोठ्याला न्यायला देऊ नका.

मच्छेकर
एवढं करूनसुद्धा रविवारी मालक घरात झोपलेला असतो मग?

निवृत्त_सेफ्टीवाला
तेच. तिथं राहायचं, किंवा स्टॉप म्हणायचा अधिकार असलेला माणूस ठेवायचा. सकाळी चढायच्या आधी पाच मिनिटं सगळ्यांना सांगायचं, आणि ते कानडीत आणि हिंदीत पण, मेस्त्रीची पोरं कुठनं आलेली असतात त्यावर.

शेडवाला_उद्यमबाग
काल मेस्त्रीला बोलावून सगळं वाचून दाखवलं. आधी तोंड वाकडं केलं, मग सेफ्टीची ओळ वेगळी धरून नवा आकडा दिला, आधीपेक्षा बऱ्यापैकी जास्त, पण मी हो म्हटलं. खाली मशिनरी असल्यामुळं अर्धं काम मचाणावरनंच होईल म्हणतो. लाईनच्या अर्जाची पोच मिळालीय, तारीख ते कळवतील. स्टॅम्प पेपर घ्यायचा आहेच पण त्याच्यावर भिस्त नाही. एकच अडकलंय, माणसांच्या विम्याची पॉलिसी मागितली तर तो दोन वर्षांपूर्वीच्या एका बांधकामाची झेरॉक्स दाखवायलाय. चालेल का?

निवृत्त_सेफ्टीवाला
नाही. मुदत चालू आहे का बघा, मग कामाचं ठिकाण आणि कामाचा प्रकार काय लिहिलाय ते. गवंडीकाम लिहिलं असेल आणि उंचीवरचं पत्र्याचं काम नसेल तर क्लेमच्या वेळी कंपनी तिथंच बोट ठेवते. माणसांची संख्या आणि पगार खरा दाखवायला लावा. त्याच्याकडनं होत नसेल तर तुमच्याच एजंटला ठेकेदाराची माणसं धरून पॉलिसी काढायला सांगा, हप्ता त्याच्या बिलातनं वळता करून घ्या, आणि पॉलिसी हातात आल्याशिवाय ॲडव्हान्स सोडू नका.